गेममधलं नवं विमान तारखेला का येत नाही?

एका श्रोत्याचा मेसेज आलाय: "दादा, ओपनटीटीडीमध्ये नव्या जेटचं वर्ष उलटून गेलं, तरी ते खरेदीच्या लिस्टमध्ये नाही. बग आहे का?"

बग नाहीये. पण मीही यात सपशेल फसलोय. मी या गेममध्ये ट्रेन-बसच्या वाटेला जात नाही, नुसती एअरलाईन चालवतो. तर जेट येणार म्हणून त्या वर्षी जानेवारीतच मी पंखेवाली सगळी विमानं विकून टाकली. जेट काही येईना! विमानतळांचा खर्च चालू, कर्जाचं व्याज चालू, कमाई शून्य. वर कहर म्हणजे, काही महिन्यांनी प्रतिस्पर्धी एआय कंपनीचं तेच जेट माझ्या डोक्यावरून उडताना दिसलं.

मग चिडून सोर्स कोड उघडला. गेम ओपन सोर्स आहे, कोणीही वाचू शकतं.

प्रत्येक मॉडेलला एक मूळ तारीख असते. नवा गेम सुरू होताना कोड एक रँडम आकडा काढतो, त्यातले ९ बिट घेतो आणि तेवढे दिवस त्या तारखेत मिळवतो. ९ बिट म्हणजे ० ते ५११. म्हणजे विमान लवकर कधीच येणार नाही, उशीर मात्र सतरा महिन्यांपर्यंत होऊ शकतो. गेमच्या पहिल्या दोनेक वर्षांतल्या आणि त्याआधीच्या मॉडेल्सना तेवढी यातून सूट आहे.

बरं, एवढं करून आलेली तारीखसुद्धा विक्रीची नाहीच! त्या तारखेपासून फक्त 'एक्सक्लुझिव्ह प्रीव्ह्यू' सुरू होतो. सगळ्यात चांगली कामगिरी असलेल्या कंपनीला आधी ऑफर जाते, ती नाही म्हणाली तर पुढच्या कंपनीला. बाकीच्यांना विमान मिळतं वर्षभराने. ५११ अधिक ३६५, म्हणजे ८७६ दिवस. जवळजवळ २ वर्षं ५ महिने!

हे अन्यायाचं वाटतं, पण खऱ्या जगात तरी 'रिलीज डेट' एकच कुठे असते? बोईंग ७८७ घ्या. पहिली ऑर्डर एप्रिल २००४ ची. ८ जुलै २००७ ला समारंभ करून विमान लोकांसमोर आणलं, पण ते पहिल्यांदा उडालं १५ डिसेंबर २००९ ला. वायदा होता मे २००८ चा, आणि जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजच्या हातात पहिलं विमान पडलं सप्टेंबर २०११ मध्ये. त्यामानाने गेम दयाळूच म्हणायचा.

आता माझं नेमकं काय चुकलं? ऑफर द्यायच्या आधी कोड एक गोष्ट तपासतो: या कंपनीकडे सध्या त्या प्रकारचं वाहन आहे का? माझ्याकडे एकही विमान नव्हतं. सगळी मीच विकली होती ना! त्यामुळे ऑफर सरळ एआयकडे गेली.

म्हणून जुनी विमानं हातची सोडू नका. ऑफर आली आणि घेतली, तर निदान एक विमान खरेदी कराच, नाहीतर पुढचे बरेच महिने गेम तुम्हाला विचारतही नाही. आणि घेतलंत तरी लगेच सगळा ताफा बदलू नका. नव्या मॉडेलची विश्वासार्हता सुरुवातीला कमी असते, ती हळूहळू वर चढते, तोवर ब्रेकडाऊन जास्त. मी आता आधी दोनच घेतो.