टेम्पोचा विमा घेताना काय सुटतं?

पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी उतरवून निघालेला छोटा हत्ती पुढच्या ट्रकवर आदळला, तर आधी काय फुटतं? बंपर, हेडलाइट, बोनेट. मालवाहू गाडीच्या नेहमीच्या विम्यात नेमके हेच भाग वगळलेले असतात. दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बाजूचे पत्रे, रंगकाम हेही त्यातच. यांची भरपाई हवी असेल तर ‘आयएमटी 23’ नावाचं कलम जादा हप्ता भरून जोडून घ्यावं लागतं. घरगुती मोटारीच्या विम्यात असा प्रश्न येत नाही. म्हणून ‘फुल इन्शुरन्स’ काढल्याच्या समाधानात असलेल्या मालकाला हे बऱ्याचदा गॅरेजात, सर्व्हेअरसमोर कळतं.

विमा घेताना मालक आधी हप्त्याचा आकडा पाहतो. त्यात चूक काहीच नाही. भाडं मारून कर्ज फेडणाऱ्याला प्रत्येक हजार रुपये मोजावेच लागतात. पण त्या आकड्यातला मोठा वाटा कोणत्याही कंपनीच्या हातात नसतो. 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाच्या चारचाकी मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता जून 2022 पासून 16,049 रुपये ठरवण्यात आला, करांशिवाय. त्याच यादीत हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला 2,094 रुपये होते. हा दर सरकार ठरवतं, त्यामुळे त्यावर घासाघीस होत नाही. मग एखादा एजंट इतरांपेक्षा बरंच स्वस्त सांगतो तेव्हा कपात उरलेल्या भागातच झालेली असते. एक तर कंपनीने खरोखर सूट दिलेली असते, नाहीतर काहीतरी काढून टाकलेलं असतं.

काढून टाकण्याची सोपी जागा म्हणजे गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही. समजा, सहा लाखांची गाडी अडीच वर्षांची झाली. रूढ तक्त्याप्रमाणे 30 टक्के घसारा जाऊन तिची किंमत 4 लाख 20 हजार धरायला हवी. ती साडेतीन लाख दाखवली की हप्ता थोडा उतरतो, पण गाडी चोरीला गेली तर 70 हजारांचा फटका बसतो. बँकेचं कर्ज बाकी असेल तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो, हेही लक्षात ठेवावं लागतं.

गावाकडे लग्नसराईत टेम्पोत वऱ्हाड भरतात. इथे मात्र कोणतंही जादा कलम मदतीला येत नाही. मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस बसला, तर 1994 च्या दुरुस्तीपासून त्याला थर्ड पार्टी विम्याचं संरक्षण आहे. पाहुण्यांना नाही. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं. घाटात अशी गाडी उलटली की जखमींची भरपाई मालकाच्या घरादारावर येऊ शकते. शेजाऱ्याला नाही म्हणणं किती अवघड असतं हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. तरीही नाही म्हणायलाच हवं.

चालकाच्या लायसन्सचा घोळ मात्र बराच निवळला आहे. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला 7,500 किलोखालची व्यावसायिक गाडी चालवायला वेगळी परवानगी लागत नाही, हा निकाल 2017 मध्ये आला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने तो कायम केला. लायसन्सची मुदत संपलेली नसावी, गाडीचं पासिंग चालू असावं, एवढी काळजी तरी घ्यावीच लागते.

आतला माल गाडीच्या विम्यात येत नाही. त्यासाठी मालवाहतुकीचा वेगळा विमा असतो. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी घाईने सुरू केली आणि इंजिन बसलं, तर साधा विमा ते नुकसान सहसा नाकारतो. नदीकाठच्या, सखल भागातल्या मालकाने इंजिन संरक्षणाचं कलम जरूर विचारावं.

आणि माणसं? मालक-चालकासाठीचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त त्याच्याच नावाचा असतो. पगारी ड्रायव्हर त्यात येत नाही. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल यांच्यासाठी माणशी जादा हप्ता भरता येतो, आणि तो बाकीच्या हप्त्यापुढे अगदी किरकोळ असतो. गाडीवर रोज तिघं असतील तर अर्जात तीनच लिहायला हवेत.