मानेतली नळी

डायलिसिसच्या यंत्राला मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त लागते. हातावरच्या साध्या शिरेतून ते मिळत नाही. त्यासाठी हाताची धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. पण तो तयार व्हायला ६ आठवडे ते ३ महिने जातात. तोवर मोठ्या शिरेत दोन पोकळ्यांची नळी घालावी लागते.

पहिली पसंती मानेतल्या उजव्या शिरेला, कारण ती सरळ हृदयाकडे उतरते. जांघेतली नळी थोड्याच दिवसांसाठी. तिथे जंतुसंसर्ग लवकर होतो. गळपट्टीच्या हाडाखालची शीर शक्यतो टाळतात. ती पुढे अरुंद झाली तर हात सुजतो आणि त्या हाताचा फिस्टुला निकामी होऊ शकतो.

आधी सुई, सुईतून तार, तारेवरून नळी ही पद्धत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३मध्ये मांडली. अंदाजाने सुई घातल्यास ती धमनीत शिरू शकते किंवा फुप्फुसाला लागून छातीत हवा भरते. सोनोग्राफीत शीर पाहत सुई घातली की हा धोका बराच घटतो. शिरेत हवा ओढली जाऊ नये म्हणून डोके खाली ठेवतात. तार आत निसटू नये म्हणून ती हातातून सुटू देत नाहीत. शेवटी एक्स-रे काढून टोक कुठे आहे ते पाहतात.

नंतरचा मोठा शत्रू जंतुसंसर्ग. डायलिसिस सुरू होताच थंडी वाजून ताप भरला तर आधी नळीवर संशय घ्यावा. हे जंतू हृदयाच्या झडपांपर्यंत पोचू शकतात. रक्त गोठून नळी तुंबू नये म्हणून दोन डायलिसिसच्या मधल्या काळात तिच्यात बहुधा हेपॅरिन भरून ठेवतात. महिनोनमहिने लागणारी नळी, म्हणजे परमकॅथ, त्वचेखालून फिरवून आणतात. तिच्यावरच्या कापडी पट्ट्याभोवती ऊती वाढून ती घट्ट बसते आणि जंतूंची वाट अडते.

मुंबईत अंधेरी-बोरिवली किंवा घाटकोपर-मुलुंडचा रुग्ण ही नळी घेऊनच रिक्षा-लोकलने ये-जा करतो. गर्दीत तिला हिसका बसतो. घामाने, पावसाने ड्रेसिंग भिजते. भिजलेले ड्रेसिंग त्याच दिवशी डायलिसिस केंद्रात बदलून घ्यावे. नळीची टोपणे घरी उघडू नयेत. सलाइनसाठीही ही नळी सहसा वापरू नये. नळी निसटली तर ती परत आत ढकलू नये. रुग्णाला आडवे करून स्वच्छ कापडाने जागा घट्ट दाबावी आणि तातडीने रुग्णालय गाठावे.

फिस्टुला नीट चालू लागला की नळी काढून टाकतात. काढतानाही रुग्णाला आडवे ठेवून, श्वास रोखायला सांगून जागा दाबून धरतात.