मारिया ग्रॅहम यांची पत्रे

मारिया ग्रॅहम (1785–1842) या इंग्रज लेखिकेच्या प्रवासलेखनाची मुळे पत्रांत आहेत. वडील जॉर्ज डंडस आरमारी अधिकारी होते. मुंबईच्या गोदीवर नेमणूक झाल्याने ते मुलीला घेऊन 1809 मध्ये येथे आले. त्याच वर्षी तिचा थॉमस ग्रॅहम या आरमारी अधिकाऱ्याशी विवाह झाला.

वऱ्हाडातील अडगाव आणि गाविलगडच्या लढायांना तेव्हा सहा वर्षे लोटली होती. शिंदे-भोसले हरले होते आणि पुण्यात दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाने गादीवर होता. त्यामुळे घाट चढून जाणे इंग्रज प्रवाशाला सोपे झाले होते. मारियाबाईंनी कार्ले पाहिले, पुणे पाहिले आणि चिंचवडच्या देव महाराजांची भेट घेतली. घारापुरीची लेणीही त्यांनी पाहिली. हे सारे मुळात एका जवळच्या स्नेह्याच्या करमणुकीसाठी लिहिलेले होते. 1812 मध्ये ते ‘जर्नल ऑफ अ रेसिडेन्स इन इंडिया’ या नावाने त्यांच्याच रेखाटनांसह छापले गेले. अजिंठ्याची लेणी युरोपीयांच्या नजरेस पडली ती 1819 मध्ये. पुढे चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्या या बाईंचा अजिंठा असा दहा वर्षांनी हुकला. 1814 चे ‘लेटर्स ऑन इंडिया’ पत्ररूप खरे, पण त्यात पुस्तकी माहिती अधिक असल्याने ते कोरडे वाटते.

त्यांचे सर्वांत गाजलेले पत्र मात्र चिलीचे. तिकडे जाताना पती वाटेतच वारल्यावर त्या वालपराइसोला राहिल्या. 19 नोव्हेंबर 1822 च्या भूकंपाने किनारा वर उचलला गेल्याचे त्यांनी हेन्री वॉरबर्टन यांना लिहिले. लंडनच्या भूशास्त्र संस्थेने ते 1824 मध्ये छापले आणि भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांनी त्याचा आधार घेतला. संस्थेचे अध्यक्ष ग्रीनो यांनी दहा वर्षांनी या साक्षीवर शंका घेतली, तेव्हा बाईंनी सडेतोड उत्तर दिले. 1835 च्या चिलीतील भूकंपानंतर डार्विन यांनीही जमीन उचलली गेल्याचे पाहिले.

1824 मध्ये ब्राझीलच्या राजकन्येला शिकवण्याची नोकरी त्यांना मिळाली. ती काही आठवडेच टिकली. सम्राज्ञी लिओपोल्डिना यांच्याशी पत्रव्यवहार मात्र पुढेही चालू राहिला. तो नंतर ब्राझीलमध्ये प्रसिद्ध झाला.

कलेवरचे त्यांचे लेखन चित्रकार पूसँच्या 1820 मधील चरित्रापासून सुरू होते. 1827 मध्ये चित्रकार ऑगस्टस कॉलकॉट यांच्याशी विवाह झाल्यावर ते वाढले. चित्रकलेच्या इतिहासावरचे निबंध 1836 मध्ये निघाले. त्यांची अनेक रेखाटने ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.