लिफ्ट जमिनीपासून मोजू नका

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उंच केलेल्या थार आणि बोलेरो काही नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. अशी गाडी विकायला निघाली की ‘दोन इंच लिफ्ट’, ‘तीन इंच लिफ्ट’ असे आकडे ऐकू येतात. हे आकडे पुष्कळदा जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून काढलेले असतात. घोळ असा की त्या मापात टायरही येतो. थारच्या २५५/६५ आर १८ या मूळ टायरचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर भरतो. त्याजागी २८५/७० आर १७ चढवला तर तो ८३१ होतो. फरक ४२ चा. पण हबच्या खाली टायरचा निम्माच भाग येतो, म्हणून गाडी २१ मिलिमीटरच वर येते. म्हणजे स्प्रिंगला हातही न लावता पाऊण इंचाहून जास्त ‘लिफ्ट’ कागदावर तयार!

सस्पेन्शनची लिफ्ट म्हणजे चाक आणि चॅसी यांच्यातले वाढलेले अंतर. त्यामुळे टेपचे टोक हबच्या मध्यावर धरायचे आणि सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचे. मग टायर कोणताही असो, त्यात हवा कितीही असो. गाडी सपाट फरशीवर, रिकामी हवी आणि जॅकवरून नुकतीच उतरवली असेल तर चार पावले पुढेमागे चालवून घ्यावी, नाहीतर स्प्रिंग बसत नाही. चारही चाकांची मापे वेगवेगळी लिहावीत. त्यातून मूळ उंची वजा केली की लिफ्ट निघाली. यावर हमखास आक्षेप येतो, की मूळ उंची आणायची कुठून? जाहिरातपत्रकात ती सहसा नसते, हे खरे. पण त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची, हात न लावलेली गाडी कल्याण-डोंबिवलीत शोधायला फार फिरावे लागणार नाही. ती फार चाललेली मात्र नको. जुन्या स्प्रिंगा बसतात, आणि बसलेल्या गाडीशी तुलना केली की लिफ्ट फुगून दिसते. आणखी एक फसगत बॉडी लिफ्टची. थार-बोलेरोची बॉडी वेगळ्या चॅसीवर बसते. दोहोंच्या मध्ये ठोकळे घातले की मडगार्ड वर जाते, सस्पेन्शन तिथेच राहते. म्हणून वाकून चॅसीकडे एकदा बघाच, आणि शंका आली तर हबपासून थेट चॅसीपर्यंतचे अंतर ताडून पाहा.

‘किटवर दोन इंच लिहिले आहे ना!’ हाही पुरावा नव्हे. थारच्या पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे खालचे टोक चाकापासून आत, आर्मवर बसते. त्यामुळे वर एक इंचाचा स्पेसर टाकला तर चाकापाशी इंचाहून जास्त उंची मिळते. बोलेरोच्या मागच्या पाट्यांचे उलटे आहे. पाट्याचे एकच टोक शॅकलला असते, म्हणून दोन इंच लांब शॅकल घातले तरी गाडी साधारण एकच इंच उठते. खोक्यावरचा आकडा त्या भागाचा असतो, गाडीचा नव्हे.

कोणी म्हणेल, आम्हाला खड्डे आणि दगड पार करायचे आहेत, हबचे माप घेऊन काय करू? तर इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. थार काय, बोलेरो काय, मागचा ॲक्सल अखंड आहे आणि डिफरन्शियलचा गोळा त्याच्याच पोटात. स्प्रिंगा कितीही उंच करा, गोळा चाकांच्या सोबतच राहतो. त्याच्याखालची जागा वाढते ती फक्त मोठ्या टायरने. लिफ्टमुळे चॅसी, बंपर आणि दरवाजाखालची कड वर जाते, मोठ्या टायरला जागा मिळते. हा फायदा खराच आहे, पण उंच दिसणारी गाडी तेवढ्याच उंच दगडावरून जाईल असे समजू नये.

आणि एमएच ०५ पाटीची गाडी घेताना हेही लक्षात असू द्या: कंपनीच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच स्पष्ट केले आहे. कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ते गाडीच्या मालकाला.