विळा आठवेना तेव्हा

भातकापणीच्या दिवसांत मावळातील एक वृद्ध शेतकरी मुलासह दवाखान्यात आले. “अण्णा हट्टी झालेत, विचारलं तर धड उत्तर देत नाहीत,” अशी मुलाची तक्रार होती. मी विळ्याचे चित्र दाखवले. अण्णा म्हणाले, “ते... आपलं... भात कापायचं.” हाताने कापणीची कृती अचूक केली; नाव मात्र ओठांवर येईना. घरचा रस्ता, शेताचा हिशेब, नातवंडांची ओळख सारे शाबूत होते.

हा हट्ट नव्हे, क्रमाक्रमाने वाढणारा वाचाघात होय. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये सहा रुग्णांच्या वर्णनातून त्याची स्वतंत्र ओळख करून दिली. त्याचे प्रमुख प्रकार तीन. अर्थ ठाऊक असून शब्द सापडत नाही, तेथे मुळाशी बहुधा अल्झायमर असतो. “विळा म्हणजे काय?” असा प्रश्न रुग्णच विचारतो, तेव्हा कानशिलामागील मेंदूचा, बहुधा डाव्या बाजूचा, पुढचा भाग झिजलेला असतो. उच्चार अडखळतात, वाक्ये मोडतात, तेव्हा कपाळामागील डावा भाग बाधित असतो. शेवटच्या दोहोंत मुळाशी बहुधा अल्झायमरहून वेगळा विकार असतो.

भाषेवरील प्रभुत्व ही संरक्षणाची हमी नव्हे. अनेक भाषांतून सभा गाजवणाऱ्या जॉर्ज फर्नांडिस यांनाही उत्तरायुष्यात अल्झायमरने गाठले.

वाचा अचानक गेली, तर तो पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. हळूहळू जात असेल, तर श्रवण, थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२ आणि नैराश्य यांची तपासणी करून मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. झीज थांबवणारे औषध आज नाही. परंतु वाचा-उपचारांनी संवाद अधिक काळ टिकू शकतो.

घरच्यांनी रुग्णाची परीक्षा घेऊ नये. “काय खाणार?” याऐवजी “भात की भाकरी?” असे विचारावे. छोटी वाक्ये बोलावीत, उत्तरासाठी थांबावे, दूरचित्रवाणी बंद ठेवावी. नातलगांची व नित्याच्या वस्तूंची छायाचित्रे एका वहीत चिकटवावीत. बँकेचे व्यवहार आणि उपचारांविषयीची इच्छा, वाचा शाबूत असतानाच जाणून घ्यावी.

अण्णांचा मुलगा आता शब्दासाठी अडून बसत नाही. वडिलांनी हाताने खूण केली, की तो विळा आणून देतो.