रंगभूषा उतरविण्याची सौम्य व अल्पखर्ची रीत

गोरेगाव हे चित्रसृष्टीचे जुने माहेर. पश्चिमेला १९४३ साली फिल्मिस्तान स्थापन झाले. पूर्वेला आरे वसाहतीलगत १९७७ साली चित्रनगरी उभी राहिली आणि २००१ साली तिला दादासाहेब फाळके यांचे नाव मिळाले. या परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे रोजंदारीवर काम करणारे कलाकार येतात. दिवसभर प्रखर दिव्यांखाली चेहऱ्यावर राहिलेली रंगभूषा घाईघाईत साबणाने घासून ते लोकल गाठतात. त्वचा कोरडी पडते, आग होते, पुटकुळ्या उठतात. महागडी प्रसाधने त्यांच्या आवाक्याबाहेरची असल्याने त्यांना सांगता येईल अशी रीत आपल्यापाशी असणे आवश्यक आहे.

रंगभूषेचा पाया बहुधा तेल, मेण किंवा सिलिकोन यांचा असतो. तो पाण्याने सुटत नाही, स्नेहाने सुटतो. आपल्या दिनचर्येतील आधी अभ्यंग व मग उद्वर्तन हा क्रम येथे नेमका उपयोगी पडतो.

प्रथम हात धुवावेत आणि कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढून ठेवाव्यात. चहाचा एक चमचा तिळाचे तेल कोरड्या चेहऱ्यावर हलक्या बोटांनी मिनिटभर पसरावे. काजळासाठी तेलात भिजवलेला कापूस मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट ठेवून अलगद पुसावा, घासू नये. नंतर कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ मलमलीने तेल टिपून घ्यावे. शेवटी अतिबारीक चाळलेले मसुराचे पीठ पाण्यात पातळ कालवून डोळ्यांभोवतीचा भाग वगळून लावावे व लगेच धुऊन टाकावे.

लगेच धुण्यामागे कारण आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात मुखलेप सुकू देऊ नये, सुकलेला लेप त्वचेची कांती बिघडवतो आणि तो ओला करूनच काढावा, असे सांगितले आहे. शिवाय पीनस, अजीर्ण व जागरण यांत मुखलेप निषिद्ध मानला आहे. रात्रपाळीचे चित्रीकरण आटोपून आलेल्यास लेप लावून बसण्याचा सल्ला देणे म्हणूनच शास्त्राला धरून नाही. त्याला केवळ स्वच्छता व झोप हवी.

प्रकृतिविचारही सोडू नये. मुखदूषिकेत सुश्रुतांनी कफ, वात व रक्त ही कारणे सांगितली आहेत. अशा रुग्णाने तेल अल्प घेऊन पूर्णपणे धुवावे. खोबरेल तेल रंध्रे बुजवू शकते, म्हणून ते टाळावे. कोणतेही द्रव्य प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. तीळ किंवा डाळीची ॲलर्जी असल्यास ते वापरू नये.

लिंबू व खाण्याचा सोडा या घरगुती उपायांपासून रुग्णास परावृत्त करावे. त्वचेचा पृष्ठभाग सौम्य आम्ल, साधारण पाच सामूचा असतो. लिंबाचा रस सुमारे दोन, तर सोड्याचे द्रावण आठच्या वर असते. दोन्ही त्वचेचे संरक्षक आवरण दुखावतात. गुलाबजल सुगंधी असले तरी रंग काढत नाही.

लाली, सूज, स्राव वा डोळ्यांत वेदना असल्यास घरगुती उपचार थांबवून तज्ज्ञांकडे पाठवावे. चेहरा ही ज्यांची उपजीविका, त्यांना तेलाची लहान बाटली व मलमलीचा स्वच्छ तुकडा पिशवीत बाळगण्यास सांगणे हे आपल्या औषधपत्राचेच एक अंग समजावे.