प्रकारव्यवस्था: लवचिक की काटेकोर?

संगणकाच्या प्रोग्राममधील प्रत्येक मूल्याला काही एक प्रकार असतो. जसे, पूर्णांक, अपूर्णांक किंवा अक्षरमाला. कोणत्या प्रकारच्या मूल्यावर कोणती क्रिया करता येईल हे ठरविणाऱ्या नियमांच्या समूहास प्रकारव्यवस्था असे म्हणतात. ही व्यवस्था लवचिक असावी की काटेकोर, हा वाद जुना आहे. परंतु त्यातील बराचसा गोंधळ दोन भिन्न प्रश्न एकच मानल्यामुळे उत्पन्न झालेला दिसतो.

पहिला प्रश्न तपासणीच्या काळाचा होय. जावा या भाषेत कंपायलर प्रोग्राम चालण्यापूर्वीच प्रकारांची तपासणी करतो. पायथनमध्ये ती प्रोग्राम चालत असताना होते. दुसरा प्रश्न कडकपणाचा: विसंगती आढळल्यास क्रिया नाकारावी, की मूल्याचे रूप परस्पर बदलून वेळ निभावून न्यावी? अक्षरमाला म्हणून लिहिलेला पाच आणि पूर्णांक एक यांची बेरीज जावास्क्रिप्टला सांगितली असता पाचापुढे एक लिहिलेली अक्षरमाला मिळते. त्याच जोडीची वजाबाकी सांगितल्यास मात्र चार ही संख्या मिळते. पायथन या दोन्ही क्रिया नाकारते. म्हणजे तपासणीचा काळ एकच असूनही एक भाषा सैल व दुसरी कडक आहे. उलटपक्षी सी ही भाषा तपासणी आधी करते, तथापि स्मृतीतील मूल्य भलत्याच प्रकारचे मानण्याची मुभाही देते.

भाषेच्या अभ्यासकास हा भेद अपरिचित वाटू नये. ‘मुलगी आला’ या वाक्यातील दोष लिंगाच्या मेळावरून तत्काळ कळतो. ‘दगड हसला’ येथे मेळ निर्दोष आहे, पण अर्थ जुळत नाही. प्रकारव्यवस्थाही जेवढे भेद तिच्यात नोंदले असतील तेवढेच दोष पकडू शकते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे एरियान ५ या अग्निबाणाचे ४ जून १९९६ रोजीचे पहिले उड्डाण. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा प्रोग्राम ॲडा या अत्यंत काटेकोर भाषेत लिहिलेला होता. क्षितिजसमांतर वेगाशी निगडित असे ६४ बिटांचे एक मूल्य १६ बिटांच्या पूर्णांकात बसविताना ते ३२,७६७ या कमाल मर्यादेबाहेर गेले, यंत्रणा बंद पडली आणि सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. हा भाग एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. जुन्या अग्निबाणाच्या मार्गावर ते मूल्य मर्यादेत राहत असे. प्रकार जुळत होते. गृहीतक जुळत नव्हते.

तेव्हा काटेकोरपणा म्हणजे अचूकतेची हमी नव्हे. मात्र त्याचे मोल कमी लेखणेही योग्य होणार नाही. विसंगत क्रिया नाकारून थांबणारा प्रोग्राम संशोधकाचा एक दिवस घेईल. चुकीची बेरीज करून निमूटपणे पुढे जाणारा प्रोग्राम त्याचा निष्कर्षच बिघडवील. कडकपणाच्या प्रश्नावर म्हणूनच संशोधनकार्यात सवलत देऊ नये.

काळाच्या प्रश्नावर मात्र तारतम्य हवे. एकदाच वापरावयाच्या लहान प्रोग्रामला धावती तपासणी पुरते. अनेक हातांतून वर्षानुवर्षे जाणाऱ्या प्रोग्रामला आगाऊ तपासणी हवी, कारण तेथे प्रकारांची नोंद ही पुढच्या वाचकासाठी लिहिलेली टीपही असते. त्यासाठी प्रत्येक प्रकार हाताने लिहावाच लागतो असेही नाही; रॉबिन मिल्नर यांनी १९७८ साली संदर्भावरून प्रकार अनुमानाने काढण्याची पद्धती मांडली. पुढे २०१२ साली टाइपस्क्रिप्टने आणि २०१५ साली पायथनच्या ३.५ या आवृत्तीने ऐच्छिक प्रकारनोंदीची सोय केली. त्यामुळे प्रोग्राम जसजसा वाढेल तसतशी शिस्त वाढविण्याचा मध्यम मार्ग आज उपलब्ध आहे.